घरच्या घरी छाटकलम

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



साहित्य, संगीत व नाट्य यांवर अधिकारवाणीने बोलणारे वक्ते या जबलपुरात विपुल असताना, केंद्र सरकारच्या फायलींत आयुष्य वेचलेल्या आमच्यासारख्या गृहस्थास व्यासपीठावर उभे करण्याचे साहस मंडळाने केले आहे. आमचे शिक्षण बी. ए.पर्यंतचे. वनस्पतिशास्त्राशी आमचा संबंध अंगणातल्या कुंड्यांपुरता. तेव्हा आज विद्वत्तेची अपेक्षा श्रोत्यांनी ठेवू नये.

विषय छाटकलमाचा असला तरी तो या सभागृहातील पुष्कळांच्या आयुष्याशी निगडित आहे. १९०४ साली येथे गन कॅरेज फॅक्टरी उभी राहिली, पुढे खमरियाचा कारखाना आला, वाहन कारखाना आला. रेल्वे आणि लष्कर तर होतेच. आपल्यापैकी काहींची घराणी भोसल्यांच्या अमलापासून इथली असतील. पण अनेकांना या गावी बदलीच्या हुकुमाने आणले आणि बदलीचाच हुकूम अन्यत्र नेतो. सामान ट्रकमध्ये चढते. क्वार्टरच्या अंगणात दहा वर्षे वाढविलेली जास्वंद मात्र चढत नाही. तिच्या चार फांद्या तेवढ्या नेता येतात.

या चार फांद्यांत संपूर्ण झाड असते, ही गोष्ट आपण नीट ध्यानात घेत नाही. बियांपासून होते ते झाडाचे अपत्य. त्यात दोन कुळांचे गुण मिसळतात आणि ते कोणत्या वळणावर जाईल याचा भरवसा नसतो. फांदीपासून होते ते तेच झाड, केवळ जागा बदललेले. महाराष्ट्रातील ऊस कांड्या पुरून याच न्यायाने वाढतो. पुरंदरच्या अंजिराच्या बागा फाट्यांवर उभ्या आहेत. तासगाव भागात थॉमसन जातीच्या द्राक्षवेलींतून निवडलेली ‘तास-ए-गणेश’ ही जात टिकली ती डोळ्यांच्या आणि काड्यांच्या जोरावरच; बी लावून ती टिकली नसती, आणि त्या द्राक्षाला लावण्याजोगी बी नाहीच. अर्थात मूळ झाडाचा रोगही फांदीबरोबर येतो. म्हणून शेजाऱ्याने आग्रहाने दिलेली फांदी असली तरी पाने चुरडलेली वा पिवळ्या ठिपक्यांची असल्यास नम्रपणे नाकारावी.

ही विद्या आपणांस नवी नाही. अवंतीचा वराहमिहिर सहाव्या शतकात होऊन गेला. त्याच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा एक अध्याय आहे. त्यात फांदी लावून होणाऱ्या झाडांची यादी आहे, आणि फांदीस शेण माखून लावावे असेही सांगितले आहे. यादीतला फणस आज कुणाच्या हाती सहजासहजी मुळे धरीत नाही. डाळिंब मात्र बिनतक्रार धरते.

आता फांदी मरते का, ते पाहू. सर्वसाधारण समजूत अशी की, तिला पाणी कमी पडते, म्हणून सकाळ-संध्याकाळ तांब्याने पाणी घालण्याचा सपाटा सुरू होतो. वस्तुतः मुळे नसलेली फांदी घातलेल्या पाण्यापैकी फारच थोडे पिऊ शकते. तिची पाने हवेत पाणी सोडीत असतात. आवक नाही आणि खर्च चालू, असा तो व्यवहार. त्यात भर म्हणून खाली चिखल झाला की कापलेल्या टोकास हवा मिळत नाही आणि ते कुजते. म्हणजे वरून वाळणे आणि खालून कुजणे, अशी ही दुहेरी लढाई आहे. उपायही दुहेरीच हवा: वर दमट हवा, खाली मोकळी रेती.

जबलपूरच्या आसपासची काळी माती गव्हाला उत्तम असली तरी कलमाला घातक, कारण ती पाणी धरून ठेवते. बांधकामाची जाडसर वाळू दोन-तीन पाण्यांनी धुऊन कुंडीत भरावी. शेणखत या वेळी मुळीच घालू नये; ज्याला तोंडच नाही त्याला पक्वान्न वाढून उपयोग काय? फांदी पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, तीन-चार डोळ्यांची घ्यावी. ती अगदी कोवळी नको, जून लाकडासारखीही नको. पहाटे झाड पाण्याने भरलेले असते, तेव्हा धारदार चाकूने कापावी. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरका आणि वरचा काप सरळ ठेवावा. त्यामुळे वरखाली ओळखू येते आणि फांदी उलटी खोचली जात नाही. झाडाला आपली दिशा पक्की ठाऊक असते. उलट्या फांदीची मुळे धरण्याची आशा फारशी नाही. कळ्या असल्यास निर्दयपणे खुडाव्यात. शेंड्याची दोन-तीन पाने ठेवून बाकी काढावीत. पाने मोठी असली तर कात्रीने निम्मी करावीत. सर्वच पाने मात्र काढू नयेत, कारण मुळे फुटण्याचे द्रव्य पानांत व कोंबांत तयार होऊन खाली उतरते. १९२६ साली हॉलंडमध्ये फ्रिट्स वेंट यांनी ओटच्या कोवळ्या कोंबांच्या शेंड्यांतून असे द्रव्य आगरच्या तुकड्यात उतरवून दाखविले. १९३५ साली अमेरिकेत झिमरमन व विलकॉक्सन यांनी इंडोल ब्युटिरिक आम्लाचा मुळांवरील प्रभाव सिद्ध केला. बाजारातील मुळे फुटण्याच्या पावडरीत बहुधा तेच असते. जास्वंद, रातराणी, तगर यांना तिची गरज नाही. बोगनवेल व गुलाब यांना चिमूटभर उपकारक, पण जास्त लावली की अपकारक. आंब्याच्या मोठ्या झाडाची फांदी तिलाही दाद देत नाही. तिथे कोयकलमच हवे.

खोचून झाल्यावर कुंडीवर पारदर्शक पिशवी काड्यांच्या आधाराने घालावी, किंवा एखाददुसरी फांदी असल्यास काचेची बरणी पालथी घालावी. कुंडी उजेडात ठेवावी, उन्हात नव्हे. चाफ्याची रीत निराळी: त्याचा चीक सुकेपर्यंत फांदी आठवडाभर सावलीत तशीच पडू द्यावी आणि मग कोरड्यासर वाळूत लावावी. त्याला पिशवी नको.

यानंतरचे काम सर्वांत कठीण, कारण ते काहीही न करण्याचे असते. दहाव्या-पंधराव्या दिवशी डोळा फुटून नवे पान दिसले की घरात आनंदीआनंद होतो आणि कुणीतरी फांदी उपटून पाहते. ते पान फांदीच्या साठ्यावर फुटलेले असते. मुळे त्यामागून येतात. जास्वंदीला तीन ते पाच आठवडे, बोगनवेलीला त्याहून अधिक लागतात. फांदी हलकेच वर ओढली असता तिने धरून ठेवल्याचे जाणवले, तर मुळे आली. मग पिशवी एकदम न काढता आठवडाभर रोज थोडी अधिक उघडावी.

या शहरापुरते बोलायचे तर मे महिना वर्ज्य. पारा चाळिशी ओलांडतो आणि लू पिशवीलाही जुमानत नाही. पावसाने जम बसविल्यावर, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, हवाच आपले निम्मे काम करते. गुलाबाची छाटणी ऑक्टोबरात होते, तेव्हा छाटलेल्या काड्या टाकून न देता लावाव्यात. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत मुळे रेंगाळतात.

आमच्या अंगणातील मोगरा २००९ सालच्या जुलैत वाईहून आला. मातोश्रींनी परसातल्या वेलाच्या नऊ फांद्या ओल्या गोणपाटात गुंडाळून दिल्या होत्या; त्यांपैकी चार जगल्या. २०१६ साली ते घर भावंडांच्या संमतीने विकले गेले, परसावर इमारत उठली आणि मूळ वेल गेला. मातोश्री त्यानंतर दोनदा येथे आल्या. दोन्ही वेळा त्यांनी आमच्या आधी मोगऱ्याची विचारपूस केली, आणि हा ‘वाईचाच’ असा निर्वाळा दिला. शास्त्रदृष्ट्या त्यांचे म्हणणे तंतोतंत खरे होते. आज त्या नाहीत. आमच्या निवृत्तीला तीन वर्षे उरली आहेत. क्वार्टर सोडावे लागेल आणि पुढचा रहिवासी अंगणात फरशी घालील की मोगरा ठेवील, ते आमच्या हाती नाही.

म्हणून गतवर्षीच्या हळदीकुंकवास आमच्या सौभाग्यवतींनी स्टीलच्या वाट्यांऐवजी मुळे धरलेले मोगऱ्याचे एकेक रोप वाण म्हणून दिले. काही भगिनींनी ते कुतूहलाने नेले, काहींनी वाटीच बरी असे तोंडावर सांगितले. अशी सव्वीस रोपे आज नेपियर टाऊनपासून खमरियापर्यंत पसरली आहेत; त्यांपैकी किती जगली याची नोंद आम्ही सरकारी शिस्तीने ठेवीत आहोत.

यंदा पाऊस लागला की जुलैच्या दुसऱ्या रविवारी सकाळी आठच्या आत ज्यांना फांद्या हव्या असतील त्यांनी आमच्या घरी यावे. येताना ओले फडके आणि धार लावलेला चाकू आणावा. वाळू आम्ही धुऊन ठेवू.