वाड्यावरचा चेन सॉ
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



गणपतीच्या मंडपात इंजिनावर बोलायचे, हे काहींना विचित्र वाटेल. पण बाप्पा विद्येची देवता, आणि हाताची विद्या हीसुद्धा विद्याच. शिवाय आम्ही पेडणे तालुक्यातल्या पार्से गावचे. चवथीला आम्ही माटोळी बांधतो ती नारळ, पोफळीची शिपटी, आंब्याची डहाळी आणि रानातली फळे आणून. झाडांच्या सोबतीने राहणाऱ्याला पडलेले झाड बाजूला करणेही यावे लागते.

मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले. झाडे पडली, विजेचे खांब मोडले, तारा तुटल्या. अग्निशमन दलाचे जवान एका वेळी किती ठिकाणी पोहोचणार? आमच्या वाड्यावर जुना चेन सॉ होता, पण दोरी ओढून ओढून खांदे भरून आले तरी तो पेटेना. वाटेवर आडवा पडलेला फणस कुऱ्हाडीने तोडण्यात अख्खी दुपार गेली. पलीकडच्या घरात आजारी आजी होत्या. त्यांना न्यायला आलेली गाडी तोवर अडून राहिली. मग आम्ही चौघांनी ठरवले, हे यंत्र भंगारात द्यायचे नाही, घरीच उघडायचे.

चेन सॉचे इंजीन टू-स्ट्रोक. जुन्या बजाज चेतकचे असायचे तसेच. यात इंजीन ऑइलची वेगळी टाकी नसते. पेट्रोलात मिसळलेले ऑइलच पिस्टन, बेअरिंग, सगळ्यांना वंगण देते. चेनच्या ऑइलची टाकी असते, पण तिचा इंजिनाशी संबंध नाही.

सुरुवात तीन प्रश्नांनी केली: ठिणगी आहे का, पेट्रोल पोचते का, दाब धरतो का? प्लगला ठिणगी होती. दाब मात्र मीटरवर 80 पीएसआय भरला. चांगल्या इंजिनात तो साधारण 120 ते 150 असतो. सायलेन्सर काढून बॅटरीच्या उजेडात आत पाहिले, तर पिस्टनवर उभे ओरखडे. पिस्टन धरला होता.

इथे बहुतेक जण नवा पिस्टन घालून मोकळे होतात. पण पिस्टन धरला का, हे शोधल्याशिवाय नवा घातला तर तोही तसाच जातो. कारणे मुख्यतः दोन: ऑइल कमी पडणे किंवा कुठूनतरी जादा हवा आत जाणे. हवा वाढली की मिश्रण पातळ होते, इंजीन तापते आणि पिस्टन फुगून धरतो. आम्ही सायलेन्सरचे आणि कार्ब्युरेटरचे तोंड रबराने बंद केले, पंपाने थोडी हवा भरली आणि साबणाचे पाणी लावले. क्रँकच्या एका बाजूच्या ऑइल सीलपाशी बुडबुडे आले. रबर कडक होऊन चिरले होते. खरा रोगी तो होता. पिस्टन त्याचा बळी.

क्लच काढताना एक गोष्ट ध्यानात ठेवा: त्याचे आटे उलटे असतात. घड्याळाच्या दिशेने फिरवले की तो सैल होतो. इंजीन अडवायला प्लगच्या भोकातून दोरी आत सोडतात. लोखंडी पाना घातला तर पिस्टनला भोक पडू शकते. सिलिंडरच्या आत ॲल्युमिनियम चिकटले होते. ते बारीक पॉलिश पेपरने हळूहळू उतरवले. खालचा कठीण मुलामा शाबूत होता म्हणून जुनाच सिलिंडर चालला. मुलामा उडाला असता तर तो बदलावाच लागला असता. नवा पिस्टन, रिंग, दोन्ही सील, टाकीतली नळी आणि कार्ब्युरेटरचे पडदे घातले. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरच्या बाजूला ठेवला. क्वॉइल आणि चुंबक यांत लग्नपत्रिकेच्या कागदाएवढे, म्हणजे सुमारे 0.3 मिलिमीटर अंतर राखले.

आता इंधन. बऱ्याच उत्पादकांच्या पुस्तिकेत 50 ला 1 प्रमाण असते, म्हणजे लिटरला 20 मिलिलिटर ऑइल. काही जुन्या यंत्रांना 25 ला 1, म्हणजे 40 मिलिलिटर. आपापल्या पुस्तिकेत पाहावे. हल्लीच्या पेट्रोलात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते दमट हवेतला ओलावा ओढते आणि जुने रबर खराब करते. आपल्या पावसात तर टाकी भरून यंत्र ठेवूच नये. काम झाले की टाकी रिकामी करून इंजीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे.

दोरीच्या सातव्या ओढीला ते पेटले, तेव्हा वाड्यावरची पोरे ओरडली. पण लगेच कोणाच्या हातात दिले नाही. मंद गतीत चेन फिरत होती, ती थांबेपर्यंत स्क्रू लावला. ब्रेकचा पट्टा झिजला होता. नवा मिळेपर्यंत सॉ भिंतीला टांगून ठेवला. पात्याचे टोक कशात अडकले तर सॉ उसळून तोंडाकडे येतो, आणि त्या वेळी चेन थांबवणारा तोच ब्रेक. इंजीन सुधारले, पण कापणारा जायबंदी झाला, तर त्या दुरुस्तीचा काय उपयोग? तारेला टेकलेल्या झाडाला आम्ही हात लावत नाही; ते वीज खात्याचे काम. आणि उभे झाड तोडायचे तर गोव्यात 1984 च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते, हेही पोरांना सांगून ठेवले आहे.

टू-स्ट्रोक स्कूटर गेल्या, तसे ते दुरुस्त करणारे मिस्त्रीही कमी झाले. तुमच्या भागात असा एखादा जुना मिस्त्री असेल तर त्याच्या शेजारी चार पोरांना बसवा. पुढचे वादळ येण्याआधी.

 गणपती बाप्पा मोरया!