उस्तादांच्या मापानं

१४ मार्च २००३ रोजी सुरेश भट गेले आणि आम्हा गझल लिहिणाऱ्यांना एक खोड लागली, स्वतःला मोजण्याची. १९८३ साली ‘एल्गार’ आला तेव्हा भटसाहेब पन्नाशीचे होते. मी आज ५५ वर्षांचा, नावावर दोन पातळ संग्रह. हिशेब इथंच मिटला! पण त्यांची ‘गझलेची बाराखडी’ समोर येते आणि तो पुन्हा उघडावा लागतो. काफिया, रदीफ, अलामत ही सारी कारागिरी त्यांनी नवख्यांसाठी मराठीत उलगडून ठेवली. उर्दू माझ्या घरातली. तरी गझलेचं व्याकरण मी शिकलो ते अमरावतीत जन्मलेल्या या माणसाच्या मराठीतून. संग्रहांत त्यांना गाठणं होणार नाही. नवख्या पोरांच्या वह्या मात्र माझ्याकडेही येतात. सध्या टेबलावर चार आहेत. एकीतला मतला झकास आहे, काफिया तेवढा डळमळतोय.