हौस नखभर, काळजी हातभर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला कशावर बोलणार, असे चिटणीसबाईंनी मला विचारले तेव्हा मी "नखांवर" असे उत्तर दिले. त्यांना वाटले, मी थट्टाच करते आहे. पण मी थट्टा करीत नाही. आजकाल घरोघरी मुली बाजारातून डबी आणून स्वतःच्या हाताने कृत्रिम नखे लावतात, आणि मुलीच कशाला, तुमच्यासमोर उभ्या असलेल्या या बाईनेही ती लावली आहेत. तेव्हा अनुभवाचे चार शब्द सांगते.

आमच्या भाचीचे लग्न ठरले होते. माझ्या नखांची अवस्था काय वर्णावी! चाळीस वर्षे भांडी घासून, नारळ खवून आणि लसूण सोलून ती पार झिजली होती. आदल्याच महिन्यात एका साखरपुड्यात फोटोवाला म्हणाला, "मावशी, ओटी भरताना हात जरा पुढे घ्या," आणि मी हात पदराआड घेतला. हे सूनबाईच्या नजरेतून सुटले नाही. वास्तविक तिच्या लांब नखांवर "ही वाघनखे घेऊन पोळ्या कशा लाटणार गं?" असे मीच टोचून बोलत असे. पण तिने ते मनात ठेवले नाही. दुसऱ्या दिवशी एक डबी माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "आई, लग्नाला हात लपवायचे नाहीत."

ही कृत्रिम नखे मुख्यतः तीन तऱ्हांची. पहिली, तयार प्लॅस्टिकची, गोंदाने किंवा चिकटपट्टीने बसविण्याची. दुसरी, ॲक्रिलिकची, यात द्रव आणि भुकटी कालवून नखावर लेप देतात. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या फ्रेडरिक स्लॅक या दंतवैद्याने १९५० च्या दशकात दातांच्या कामाचे ॲक्रिलिक वापरून तुटलेले नख सांधले, तेथून ही तऱ्हा पुढे आली असे सांगतात. तिसरी जेलची, हा लेप विशिष्ट दिव्याखाली धरला म्हणजे घट्ट होतो. घरी स्वतः करावयाची तर पहिलीच बरी, असे माझे मत झाले आहे. का, ते पुढे सांगते.

आधी कृती ऐका. रात्रीची भांडी आवरली की मगच बसावे, कारण नखे लावल्यावर काही तास तरी हात पाण्यात घालावयाचे नाहीत. जुना रंग काढून हात साबणाने धुवावेत आणि अगदी कोरडे करावेत. नखाच्या मुळाशी जी पातळ कातडी असते ती लाकडी काडीने अलगद मागे सारावी. कापू नये, कारण जंतूंना अडविणारा तो उंबरठा आहे. नखावरची चकाकी जाईल इतपतच बारीक कानस फिरवावी आणि स्पिरिटच्या बोळ्याने पुसावे. तेल किंवा क्रीम या वेळी मुळीच लावू नये.

मग डबीतली नखे बोटांवर ठेवून माप पाहावे. त्यांच्या आतल्या बाजूस बहुधा आकडे कोरलेले असतात. दहाही बोटांची नखे आधी ओळीने मांडून ठेवावीत. मोठे नख बाजूच्या कातडीवर चढते, लहान नख लवकर उचकटते. दोहोंच्या मधले माप निघाले तर मोठे घेऊन कडेने घासावे. गोंद थेंबभर पुरतो. नख मुळाकडून तिरपे टेकवावे आणि हळूहळू टोकाकडे दाबत आणावे, म्हणजे खाली हवा राहत नाही. कातडीपासून केसभर अंतर सोडावे. प्रत्येक बोट अर्धा मिनिट दाबून धरावे. अंगठे शेवटी घ्यावेत, नाहीतर बाकीच्या नखांशी खटपट करताना अडचण होते.

आता माझी फजिती. लग्नाच्या आठ दिवस आधी रंगीत तालीम म्हणून मी एकटीच बसले. अंगावर घरातली मऊ सुती साडी. गोंदाची नळी दाबली ती जोरात, आणि ओघळ मांडीवर पडला. क्षणभरात असा चटका बसला की निखारा पडला असे वाटले! साडी ओढणार तोच सूनबाई धावत आली, "आई, ओढू नका," म्हणाली आणि तिने तांब्यावर तांबे गार पाणी ओतले. डॉक्टरांनी नंतर सांगितले की, या गोंदात सायनोॲक्रिलेट असते. सुताला लागताच ते झपाट्याने घट्ट होते आणि त्या वेळी मोठी उष्णता बाहेर पडते. साडी ओढली असती तर कातडीही सोलून निघाली असती. रुपयाएवढा डाग अजून मांडीवर आहे.

म्हणून सांगते, गोंद हाताळताना मांडीवर सुती कापड ठेवू नका, टेबलाशी बसा. लहान मूल जवळ नको. बोटे एकमेकांना चिकटली तर ओढू नका, कोमट साबणाच्या पाण्यात धरा. आणि गोंदाची बाटली औषधांच्या कपाटात तर कधीच ठेवू नका! ती डोळ्यांत घालावयाच्या औषधासारखी दिसते, आणि घाईत गोंद डोळ्यांत घातल्याची उदाहरणे डॉक्टरांना ठाऊक आहेत. तसे झाले तर भरपूर पाण्याने डोळा धुवून तडक दवाखाना गाठावा.

लावण्यापेक्षा काढण्यात जास्त संयम लागतो. उपटून काढले तर आपल्या नखाचे पापुद्रे त्याबरोबर निघतात. नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढते, म्हणजे खराब झालेले नख पुरते बदलायला सहा महिने! तेव्हा कोमट साबणाच्या पाण्यात तेलाचे चार थेंब टाकून पंधरा मिनिटे हात बुडवावेत आणि कडेने काडी सरकवावी. तरीही न सुटले तर ॲसिटोनचा बोळा. पण ॲसिटोन चटकन पेट घेते. जवळ गॅस, निरांजन, उदबत्ती काही नको आणि खिडकी उघडी असावी. मी तर आठवड्याच्या आत नखे काढतेच. खाली ओल राहिली तर जंतू वाढून नख हिरवट पडते. तसा डाग दिसला तर त्यावर दुसरे नख चिकटवून झाकू नका, डॉक्टरांना दाखवा.

लग्न थाटात झाले. मी हात पुढे करून फोटो काढले, आणि सासूसुनेचा एक नवाच छंद जमला. या भरात सूनबाईने जेलची डबी आणि छोटा दिवा मागविला. "छान झालीत गं," असे म्हणून तिला उत्तेजन दिले ते मीच. तिसऱ्या-चौथ्या खेपेस तिच्या बोटांची टोके सुजली, भेगा पडल्या, पापण्यांनाही खाज सुटली. त्वचारोगतज्ज्ञांनी पाठीवर पट्ट्या लावून तपासणी केली आणि ॲक्रिलेटची ॲलर्जी असल्याचे सांगितले. दिवा अपुरा पडला की जेल आतून कच्चे राहते, आणि कच्चे जेल कातडीला लागत राहिले की शरीर त्याच्याशी कायमचे वैर धरते. दात भरताना आणि सांधा बदलताना याच जातीचे पदार्थ वापरतात. म्हणून यापुढे जन्मभर तिने प्रत्येक दंतवैद्याला हे आधी सांगावयाचे. त्या दिवशी मला फार वाईट वाटले. तिने माझे हात सजविले आणि तिचे हात असे झाले!

असे घडणारी ती एकटी नव्हे. ब्रिटनमधील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली इशारा दिला. तेथे तपासलेल्यांपैकी २.४ टक्के लोकांना अशी ॲलर्जी आढळली होती. या पदार्थांतला मुख्य अपराधी 'हेमा' नावाने ओळखला जातो. आपल्यात कोणी हेमाताई असतील तर त्यांनी रागावू नये! युरोपीय संघाने २०२० साली नियम करून हेमा असलेला नखांचा माल फक्त व्यावसायिकांच्या वापरापुरता ठेवला, आणि जेल घट्ट करणाऱ्या 'टीपीओ' या द्रव्यावर १ सप्टेंबर २०२५ पासून बंदी घातली. ॲक्रिलिकच्या द्रवातील 'एमएमए' या द्रव्याविषयी तर अमेरिकेच्या सरकारी खात्याने १९७० च्या दशकातच कारवाई केली होती. तेव्हा डबीवरची बारीक अक्षरे चष्मा लावून वाचा. ज्या डबीवर घटकच लिहिलेले नाहीत ती स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

आणखी दोन गोष्टी. लांब नखांखाली जंतू साठतात. अमेरिकेत २००२ साली रुग्णालयांसाठी जे नियम निघाले त्यांत अत्यवस्थ रुग्णांची सेवा करणाऱ्यांनी कृत्रिम नखे घालू नयेत असे सांगितले आहे. आपणही घरात तान्हे बाळ किंवा आजारी माणूस असेल तर हा नियम पाळावा, आणि कणीक मळण्यापूर्वी दोनदा विचार करावा. शस्त्रक्रियेला जाताना नखे आधीच काढावीत, कारण प्राणवायू मोजणाऱ्या चिमट्याचा प्रकाश नखातूनच जातो.

मैत्रिणींनो, हे ऐकून कोणी म्हणेल, मग हवेत कशाला हे चोचले? मी तसे म्हणणार नाही. चाळीस वर्षे राबलेल्या हातांना चार दिवस मिरवावेसे वाटले तर त्यात काही पाप नाही. माझी भाचीच्या लग्नातली तसबीर मी आनंदाने पाहते. मात्र हौस आपली असेल तर तिची माहितीही आपलीच हवी. सूनबाईची बोटे आता बरी आहेत. कृत्रिम नखे आम्ही दोघींनीही बंद केली आहेत. ती लावू शकत नाही, आणि तिच्यासमोर मला लावावीशी वाटत नाहीत. पण रात्री जेवणे आटोपली की आम्ही दोघी खोबरेल तेलाची वाटी घेऊन बसतो आणि एकमेकींच्या नखांना तेल लावतो. तो छंद मात्र सुटलेला नाही.