विहारातील वाचनालय आणि ऐकीव गोष्टींची पारख

(अहिल्यानगर जिल्ह्यातील एका विहारात वाचनालय सुरू करण्याच्या प्रसंगी झालेले भाषण.)



या विहाराच्या एका खोलीत आज वाचनालय सुरू होत आहे. फळ्या थोड्या आहेत आणि पुस्तके त्याहूनही थोडी आहेत. वाचनाच्या आनंदाविषयी बोलण्याचा अधिकार माझ्यापेक्षा येथील शिक्षकबंधूंना अधिक आहे. मी वकिली करणारा माणूस. विचारावयास व पडताळावयास जवळ जागा नसली म्हणजे मनुष्याचे हक्क कसे बुडतात, येवढेच मी अनुभवाने सांगू शकतो.

गेल्या उन्हाळ्यात एक उपासिका आपल्या मुलीला घेऊन मजकडे आल्या. त्यांच्या कुटुंबाने दोन वर्षांपूर्वी धम्मदीक्षा घेतली आहे. मुलीच्या प्रवेश-अर्जात धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहावे की पूर्वीचेच लिहावे, असा त्यांचा प्रश्न होता. थोरल्या मुलाने मोबाईलवरील प्रश्नोत्तरे करणाऱ्या यंत्रास, म्हणजे ज्याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात त्यास, हा प्रश्न विचारला होता. यंत्राने शुद्ध मराठीत उत्तर दिले की, धर्मांतर करताच अनुसूचित जातीच्या सवलती नष्ट होतात. आधारादाखल उच्च न्यायालयाच्या एका निकालाचे नाव आणि वर्षही दिले. बाईंनी मला विचारले, "साहेब, दीक्षा घेतली ही आमची चूक झाली काय?"

तो निकाल मी शोधला. त्या वर्षाच्या निकालसंग्रहांत तो नाही. यंत्राने तो रचला होता.

आता कायदा काय आहे तो ऐका. १९५० सालच्या संविधान (अनुसूचित जाती) आदेशात हा लाभ आरंभी मुख्यतः हिंदूंपुरता ठेवलेला होता. १९५६ साली त्यात शीख धर्माचा समावेश झाला. आपल्या नागपूरच्या दीक्षेचे वर्षही तेच. परंतु बौद्ध हा शब्द त्या आदेशात यावयास १९९० साल उजाडावे लागले. मधल्या काळात महाराष्ट्र राज्याने आपल्या अधिकारात नवबौद्धांना सवलती दिल्या, पण केंद्राचे दार चौतीस वर्षे बंदच राहिले. ते आज उघडे आहे. जात आपल्या राज्याच्या अनुसूचीत असली पाहिजे व तिचा रीतसर दाखला हवा, ही अट राहतेच. पण 'बौद्ध' लिहिल्याने हक्क जात नाही. याखेरीज १९९३ पासून बौद्धांची केंद्राच्या अल्पसंख्याक समाजांत गणना आहे, ती निराळ्या कायद्याने. ख्रिस्ती किंवा मुसलमान झालेल्यांना मात्र अनुसूचित जातीचा लाभ आजही नाही. तो का नसावा हा वेगळा प्रश्न आहे. परंतु यंत्राने एकाची गोष्ट दुसऱ्यास लाविली, हे येथे ध्यानात घ्यावयाचे. निखळ खोटे पकडणे त्या मानाने सोपे. अर्धे खरे बोलणे पकडावयास मूळ कागदच लागतो.

हे यंत्र असे का वागते? त्याने कोट्यवधी पाने पचविलेली असतात आणि कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द शोभेल याचा अंदाज बांधून ते वाक्य जुळविते. वाक्य शोभले म्हणजे खरे झाले असे नव्हे. ज्या विषयावर विपुल लिखाण आहे तेथे त्याचा अंदाज बहुधा बरोबर येतो. ज्यावर थोडे लिहिले गेले तेथे ते चाचपडते, पण आवाजातील ठामपणा सोडीत नाही. आता या देशात लेखणी शतकानुशतके कोणाच्या हाती होती हे मी आपणांस सांगावयास नको. नवदीक्षित कुटुंबाच्या अडचणींवर मराठीत किती लिहिले गेले आहे? तेव्हा आपल्या प्रश्नांवर हे यंत्र चुकण्याचा संभव इतरांपेक्षा अधिक आहे. शिकलेलेही यातून सुटत नाहीत. २०२३ साली न्यूयॉर्क येथील दोन वकिलांनी अशाच यंत्राने रचलेले निकाल न्यायालयापुढे ठेविले आणि पाच हजार डॉलरचा दंड ओढवून घेतला.

ऐकीव गोष्टींचा हा प्रश्न आपल्या धम्माला नवा नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात परमपूज्य बाबासाहेबांनी तथागतांच्या वचनांचा विपर्यास कसा होत असे, याची चर्चा केली आहे. वचने भाणकांच्या मुखपाठाने चालत, आणि खुद्द तथागतांच्या हयातीत त्यांच्या नावावर ते न बोललेले खपविले जाई. अशा पाच प्रसंगांचा निर्देश बाबासाहेब करितात. त्यांपैकी जीवक वैद्याचा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. श्रमण गौतमासाठी मुद्दाम प्राणी मारतात आणि तो ते जाणूनबुजून खातो, अशी वदंता जीवकाच्या कानी आली. जीवकाने ती पुढे सांगितली नाही, आणि श्रद्धेपोटी झिडकारलीही नाही. तो उठला, तथागतांकडे गेला आणि त्यांनाच विचारता झाला. वाचनालयाने शिकवावयाचे ते हेच. (कालामांना केलेला उपदेश आपण वरचेवर सांगतो, त्याचेही किती मनगढंत पाठ मोबाईलवर फिरतात!)

पारख न केल्याचा परिणाम नेहमी अर्जाच्या रकान्यापुरताच राहतो असे नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा खरी मानून जमावाने पाच माणसांना ठार मारले. ती माणसे मंगळवेढ्याकडील भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाची होती. भिक्षा मागावयास गेली होती. अफवा मोबाईलवरून पसरली आणि बळी गेला तो ज्याची बाजू मांडणारे कोणी नाही अशांचा. त्या वेळी ही बोलकी यंत्रे घरोघरी आलेली नव्हती. आता तर ती चित्र हलवितात, मेलेल्या माणसाचा आवाज काढतात. उद्या बाबासाहेबांच्या आवाजात कोणी मत मागितले तर आपण काय करणार?

आपला नगर जिल्हा याबाबत दरिद्री नाही. जिल्हा वाचनालयाची स्थापना १८३८ सालची. आणि नेवासे तालुक्यातील तरवडीसारख्या खेड्यातून मुकुंदराव पाटील यांनी 'दीनमित्र' चालविले. १९१० साली निघालेले हे सत्यशोधक पत्र १९६७ पर्यंत टिकले. शहरातील पत्रे आपली हकीकत छापीत नाहीत, तर खेड्यात छापखाना घालू, अशी ती जिद्द होती. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदाही महाराष्ट्रात १९६७ सालीच झाला. युनेस्कोचा ग्रंथालय-जाहीरनामा पहिल्याने १९४९ साली निघाला. २०२२ च्या सुधारलेल्या जाहीरनाम्यात माहितीची पारख शिकविणे हे ग्रंथालयाचे काम म्हणून सांगितले आहे. पुस्तके देणेघेणे येवढ्यावर आता भागत नाही.

म्हणून या खोलीत काय व्हावे, याविषयी माझी सूचना अशी. आठवड्यातील एक संध्याकाळ त्यासाठी राखावी. कोणाच्या मोबाईलवर हक्काविषयी, दाखल्याविषयी किंवा बाबासाहेबांच्या नावाने काही आले असेल, तर ते येथे मोठ्याने वाचावे; ज्या आजीबाईंना वाचता येत नाही त्यांनाही ते कळले पाहिजे. एक वही ठेवावी. मजकूर काय, कोणाकडून आला, मूळ कागद कोठे सापडला, कोणी पाहिला, हे तीत लिहावे. बाबासाहेबांचे वाक्य असेल तर खंड व पान विचारावे. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून त्यांचे लेखन व भाषणे यांचे खंड काढले आहेत. अठराव्या खंडाच्या तीन भागांत मराठी भाषणे आहेत. ते तीन भाग इतर काही न घेता आधी घ्यावेत. कायद्याचा प्रश्न असेल तर राजपत्र पाहावे. केंद्राचे राजपत्र संगणकावर विनामूल्य मिळते. तालुक्याला जाण्याचे गाडीभाडेही पडत नाही.

यंत्रालाही वाळीत टाकू नका. वाळीत टाकणे काय असते हे आपण जाणतो! अर्जाचा कच्चा मसुदा ते चांगला करिते, अवघड इंग्रजीचा अर्थ सांगते. मात्र त्याने आधार दिला की तो आधार उघडून पाहावा, आणि उघडत नसेल तर तो नाही असे समजावे.

वहीत आणखी एक पथ्य पाळा. शोधूनही काही हाती लागले नाही तर 'खोटे' असे लिहू नका. 'आधार सापडला नाही' असे लिहा. निश्चित आणि अनिश्चित यांत भेद करणे ही बुद्धवचन ओळखण्याची एक कसोटी म्हणून बाबासाहेबांनी सांगितली आहे, आणि न्यायालयातही याहून वेगळे चालत नाही. हे काम एकट्या ग्रंथपालावर टाकू नये. कॉलेजात जाणाऱ्या मुलींनी पाळीपाळीने वही सांभाळावी असे मी सुचवितो. माझ्याकडे आलेली ती मुलगी आज येथे बसली आहे. तिने अर्जात 'बौद्ध' लिहिले आणि तिला प्रवेश मिळाला. वहीचे पहिले पान तिने लिहावे अशी मी तिला विनंती केली आहे, आणि त्यासाठी १९९० च्या दुरुस्तीची प्रत मी बरोबर आणली आहे. ती येथे टेबलावर ठेवितो.

जयभीम.