आकडा आला कुठून?
(वसईतील होळी येथे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



प्रोजेक्टसाठी तुम्ही ‘पालघर जिल्हा, जनगणना २०११’ असे शोधता. लगेच आकडे मिळतात. पण पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी! २०११च्या जनगणनेत वसई, डहाणू, जव्हार हे सगळे ठाणे जिल्ह्यातच मोजले गेले. म्हणजे पालघरचा आकडा कुणीतरी नंतर तालुक्यांची बेरीज करून काढलेला आहे. तो बरोबरही असेल. पण बेरीज कुणी केली, हे विचारायला हवे. जनगणनेचे तालुकावार तक्ते खुले आहेत. अर्ध्या तासात ती बेरीज तुम्हीच करू शकता.

आता आपल्याबद्दलचा आकडा. ‘मुसलमानांची मुले मदरशातच शिकतात’ हे आपण किती वेळा ऐकले! २००६च्या सच्चर समितीच्या अहवालानुसार शाळकरी वयाच्या मुस्लिम मुलांपैकी जेमतेम ३ ते ४ टक्के मुले मदरशात जात होती. शाळा सांभाळून सकाळ-संध्याकाळ मक्तबमध्ये जाणारी मुले वेगळी, हेही अहवाल सांगतो. लोक या दोन्हींची गल्लत करतात. वादात हा आकडा जरूर द्या, पण साल सांगून द्या. वीस वर्षांपूर्वीचा आकडा आजचा म्हणून सांगितला, तर आपणही तेच केले.

म्हणून तीन प्रश्न सवयीचे करा. हे मुळात कुणी सांगितले? कधी? दुसरीकडे, स्वतंत्रपणे, तेच मिळते का? एकाच मजकुराची नक्कल दहा वेबसाइटवर असली, तरी तो पुरावा एकच. एआयने संदर्भ दिला, तर ते पुस्तक खरोखर आहे का ते ग्रंथालयात पाहा. प्रबंधांसाठी ‘शोधगंगा’ खुले आहे.

ही केवळ गुणांची बाब नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. त्या दिवसांत मोबाइलवर तशाच अफवा फिरत होत्या. पुढे पाठवणाऱ्या कित्येकांना वाटले असेल, आपण लोकांना सावधच करतोय.

आपल्या विरोधातला मेसेज आपण तपासतो. आपल्याला सुखावणारा मात्र न तपासताच पुढे ढकलतो. माझी विनंती एवढीच, की सुरुवात त्या दुसऱ्यापासून करा.