बैलाचा खांदा आणि पन्नास रुपये

श्रोतेहो, पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाची खांदेमळणी करतो. वर्षभर जू वाहिलेला खांदा हळद-लोण्याने चोळतो, दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण देतो. मग दिवाळीच्या सुमारास उसाचा हंगाम सुरू होतो. टायरगाडीवर मोळ्या चढत जातात, त्याच खांद्याची कातडी सोलवटते, आणि जखमेवर काहीबाही लावून बैल पुन्हा जुंपला जातो. जखमी जनावर कामाला लावणे हा गुन्हा आहे, हे आपल्यापैकी कितीजणांस ठाऊक आहे?

राज्यसभेत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी खासगी विधेयक मांडले, त्यातून पुढे १९६० साली प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा झाला. त्याच्या अकराव्या कलमात जादा ओझे, मारहाण, उपासमार, जखमी जनावराकडून काम घेणे, सगळे आले आहे. शब्दांत काही उणे नाही. उणे आहे ते शिक्षेत. पहिल्या गुन्ह्याला दंड कमीत कमी १० आणि जास्तीत जास्त ५० रुपये! तीन वर्षांत पुन्हा तोच गुन्हा घडला तर २५ ते १०० रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पन्नास रुपयांत आज दोन माणसांचा चहा-नाश्ता धड होत नाही. शिवाय जादा ओझ्याचा गुन्हा दखलपात्र नाही. पोलिसाने डोळ्यांनी पाहिले तरी वॉरंटाशिवाय अटक करता येत नाही. आणि तीन महिने उलटले की खटलाच भरता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली जल्लीकट्टू व बैलगाडा शर्यतींच्या निकालात शिक्षा वाढवावी असे संसदेला सुचविले. २०२२ साली केंद्र सरकारने सुधारणेचा मसुदाही लोकांपुढे ठेवला.

पण नुसता दंड वाढवून भागेल असे मला वाटत नाही. मी एकदा एका गाडीवानाला हे सारे समजावू लागलो. तो म्हणाला, "मास्तर, दंड भरीन मी. पण खेप हलकी केली तर मुकादमाची उचल कोण फेडणार?" मला उत्तर सुचले नाही. कायद्याच्या भाषेत काम करवून घेणाराही दोषी धरता येतो. प्रत्यक्षात बोट रोखले जाते ते कासरा हाती असलेल्या माणसाकडे. उचल देणारा नामानिराळा राहतो. दंड वाढवायचाच तर तो त्याच्यापर्यंत पोहोचला पाहिजे.

आणखी एक नियम सांगतो, १९६५ सालचा. ओढकामाच्या जनावराला दिवसात नऊ तासांहून अधिक, आणि विश्रांतीवाचून सलग पाच तासांहून अधिक जुंपू नये. पारा ३७ अंशांवर गेला असेल तर दुपारी बारा ते तीन मुळीच जुंपू नये. गुरुजनहो, आपल्या शाळेत तापमापक असेलच. मार्च-एप्रिलात रोज बाराचा आकडा फळ्यावर लिहीत चला. गाडीवानांची मुले वर्गात असतात, ती घरी सांगतील.