कौन्सिलची खुर्ची आणि तुरुंगाची कोठडी



 संमेलनाच्या अध्यक्षानं भाषेच्या भवितव्याची काळजी वाहायची, अशी आपल्याकडे रीत आहे. ती काळजी माझ्याहून अधिकारी माणसांनी वाहून झाली आहे, तेव्हा मी दुसराच विषय घेते. पऱ्हाटीची वेचणी चालू असताना इतक्या बायका इथे आल्या आहेत, तर बायकांच्याच एका जुन्या भांडणाबद्दल बोलावं असं वाटलं. हक्क मागताना आवाज किती चढवायचा? अर्ज करायचे, की काचा फोडायच्या? काचा फोडल्यानं काम होतं, की होत आलेलं काम बिघडतं?

हे भांडण आपल्या जिल्ह्यानं अगदी अलीकडे पाहिलं आहे. जानेवारी 2019 मध्ये यवतमाळला 92वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण ऐनवेळी मागे घेतलं गेलं आणि अनेक लेखकांनी संमेलनावर बहिष्कार टाकला. अध्यक्ष अरुणाताई ढेरे मात्र आल्या आणि झाल्या प्रकाराबद्दलची नापसंती त्यांनी संमेलनाच्या मांडवातच बोलून दाखवली. उद्घाटन केलं ते वैशाली येडे यांनी. आपल्याच जिल्ह्यातल्या, शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर घर सावरणाऱ्या या बाईनं त्या मंचावरून जे सुनावलं ते ऐकून पुढच्या रांगा गप्प झाल्या होत्या. काही महिन्यांनी त्या यवतमाळ-वाशीममधून लोकसभेला उभ्याही राहिल्या. न आलेले बरोबर, की येऊन बोललेल्या बरोबर? लिहित्या माणसांत तेव्हा यावरून बरीच जुंपली. मला विचाराल तर बहिष्कार झाला नसता, तर मंचावरच्या शब्दांना एवढी धार आली नसती; आणि मंचावर कुणी आलंच नसतं, तर बहिष्कार वर्तमानपत्राच्या आतल्या पानात विरून गेला असता.

या भांडणाचं सगळ्यात गाजलेलं रूप इंग्लंडात दिसलं. तिथे मिलिसेंट फॉसेट यांच्या पुढारपणाखाली मताधिकार मागणाऱ्या संस्था 1897 मध्ये एकत्र आल्या. सभा, सह्या, खासदारांच्या भेटी ही त्यांची वाट. 1903 मध्ये मँचेस्टरला एमलीन पँकहर्स्ट यांनी वेगळी संघटना काढली. बोलणं पुरे झालं, आता करून दाखवायचं, हा त्यांचा बाणा. या बायका मंत्र्यांच्या सभांत उभ्या राहून प्रश्न विचारत, पार्लमेंटवर चालून जात, दंड भरायला नकार देऊन तुरुंगात जात. 1909 पासून त्यांनी तुरुंगात उपोषणं सुरू केली, तेव्हा सरकारनं नळ्या घालून त्यांच्या पोटात अन्न ढकललं. मग दुकानांच्या काचा फुटल्या, टपालपेट्या पेटल्या, 1913 मध्ये अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांच्या अर्धवट बांधलेल्या घरात स्फोट झाला. त्याच वर्षी जूनमध्ये एमिली डेव्हिसन डर्बीच्या शर्यतीत राजाच्या घोड्यासमोर गेली आणि चार दिवसांनी वारली.

आता हिशेब बघा. बायकांच्या एका गटाला मत देणारं तडजोडीचं विधेयक मे 1911 मध्ये कॉमन्स सभेत दुसऱ्या वाचनाला 255 विरुद्ध 88 मतांनी पुढे गेलं. मार्च 1912 मध्ये तसंच विधेयक 208 विरुद्ध 222 मतांनी पडलं, म्हणजे अवघ्या 14 मतांनी. मतदान मार्चच्या अखेरीला होतं आणि त्याच महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पँकहर्स्टबाईंच्या सहकाऱ्यांनी मध्य लंडनमधल्या काचांचा चुराडा केला होता. एवढ्यावर पुष्कळांनी निकाल लावून टाकला: काचांनी कायदा घालवला.

मला हा निकाल घाईचा वाटतो. आयर्लंडच्या स्वराज्याचं विधेयक धोक्यात येऊ नये म्हणून आयरिश पक्षाच्या खासदारांनी त्या वेळी बाजू बदलली होती. कोळसा खाणींचा संप चालू असल्यामुळे मजूर पक्षाचे काही हक्काचे खासदार सभागृहात नव्हते. आणि काचा फुटल्या त्या का? नोव्हेंबर 1911 मध्ये पंतप्रधान ॲस्क्विथ यांनी सगळ्या पुरुषांना मत देणारं नवं विधेयक आणण्याची घोषणा करून बायकांच्या विधेयकाच्या पायाखालची जमीनच काढून घेतली होती, म्हणून. डगमगणाऱ्या काही खासदारांना काचांनी पळवाट दिली, हे खरं. पण ज्याला पळायचंच आहे त्याला वाट कुठलीही चालते.

त्यानंतरच्या दोन वर्षांबद्दल मात्र मी पँकहर्स्टबाईंची वकिली करणार नाही. टपालपेटीतलं जळालेलं पत्र मंत्र्याचं नसतं, कुणाच्या तरी आईचं असतं. 1912 पर्यंत इजा होत होती ती आंदोलन करणारीला: तिचं शरीर, तिची नोकरी, तिची अब्रू. पुढे ती तिसऱ्याच माणसाकडे वळली आणि सहानुभूतीचा काटा फिरला. खुद्द फॉसेटबाईंचं वागणं या बाबतीत बोलकं आहे. 1906 च्या डिसेंबरात तुरुंगातून सुटलेल्या उग्र बायकांसाठी त्यांनी लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात मेजवानी दिली होती. दगड आणि आग आल्यावर त्याच बाई दूर झाल्या. शेवटी 1918 मध्ये मत मिळालं, तेही तिशी ओलांडलेल्या आणि मालमत्तेची अट पुरी करणाऱ्यांनाच. पुरुषांच्या बरोबरीचं मत यायला 1928 उजाडलं.

या सगळ्याकडे एक हिंदी माणूस टक लावून पाहत होता. दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांची गाऱ्हाणी घेऊन गांधीजी 1906 मध्ये लंडनला गेले, तेव्हा दंड न भरता तुरुंगात जाणाऱ्या बायकांचं त्यांनी ‘इंडियन ओपिनियन’मध्ये भरभरून कौतुक केलं. बोलण्यापेक्षा करणं मोठं, हे आपल्या लोकांनी त्यांच्याकडून शिकावं, असा त्यांचा रोख होता. 1909 मध्ये ते पुन्हा गेले, तेव्हा त्याग तोच दिसला, पण दगडफेक त्यांना पटली नाही आणि तेही त्यांनी लिहिलं. सत्याग्रहाची कल्पना आकार घेत होती तेव्हा गांधीजींच्या डोळ्यांसमोर या बायका होत्या. त्यांची हिंमत गांधीजींनी घेतली आणि दगड तिथेच ठेवला.

दुसरा धागा मुंबईचा. 1911 मध्ये हेराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन काश्मीरला गेल्या होत्या. तिथे महाराजा दुलीपसिंगांची मुलगी सोफिया भेटली. पँकहर्स्टबाईंच्या संघटनेतली, पुढे कर भरायला नकार देणारी राजकन्या. तिच्या अंगावर ‘बायकांना मत’ असा बिल्ला होता. त्या बिल्ल्यावरून गप्पा सुरू झाल्या आणि हेराबाई चळवळीत ओढल्या गेल्या. 1919 मध्ये याच मायलेकी लंडनला जाऊन पार्लमेंटच्या संयुक्त समितीपुढे हिंदी बायकांच्या मतासाठी साक्ष देऊन आल्या. बिल्ला जहालांचा आणि साक्ष मवाळांची, आणि दोन्ही एकाच बाईच्या चरित्रात! समितीनं निर्णय प्रांतांवर ढकलला. मुंबई कौन्सिलनं 1921 मध्ये मत दिलं. त्या काळात मताधिकाराची बाजू लढवणाऱ्यांत रमाबाई रानडे होत्या. सेवासदनच्या या शांत, सोज्वळ बाईंनी त्याच सुमारास पुण्यात मुलींच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी बायकांचा मोर्चाही काढला. मुलांना सक्ती, मुलींना पैसे उरले तर, हे त्यांना मान्य नव्हतं. समोर लोकमान्य टिळकांसारखा माणूस होता, तरी त्या मागे हटल्या नाहीत.

आपल्या मध्य प्रांतात बायकांना मत मिळायला 1927 साल उजाडलं. तेही सारा किंवा कर भरणाऱ्यांना. ज्या बाईच्या नावावर वावरच नाही तिला मत कुठलं? आमच्याकडे आजही सातबारावर बाईचं नाव चढवायला तलाठ्याकडे किती खेटे घालावे लागतात ते इथे बसलेल्या कित्येकींना ठाऊक आहे.

आता नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांच्याकडे येते. माझ्या बोलण्याचा खुंटा तोच आहे. 1928 मध्ये मध्य प्रांताच्या कौन्सिलवर त्यांची नेमणूक झाली. अर्जविनंत्यांच्या वाटेनं बाईला मिळू शकणारी सगळ्यात वरची जागा ती. दोन वर्षांत त्यांनी ती सोडली आणि कायदेभंगात उतरून तुरुंग पाहिला. तो 1930 चा पावसाळा. इथून जवळच पुसदच्या जंगलात 10 जुलैला लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातलं गवत कापून जंगलाचा कायदा मोडला होता. आपल्या वणीचे बापूजी खरं तर कौन्सिलात बसून लढायचं म्हणणाऱ्या प्रतिसहकार पक्षाचे. वेळ आली तेव्हा त्यांनीही विळा हातात घेतला. वऱ्हाडात समुद्र नाही, म्हणून गवत. कायदा मोडला, पण कुणाच्या घरची काच फुटली नाही.

त्या वर्षी देशभर हजारो बायका तुरुंगात गेल्या. मार्च 1931 मध्ये कराचीच्या काँग्रेसनं मूलभूत हक्कांचा ठराव केला, त्यात प्रौढ मताधिकार आला आणि स्त्री म्हणून कुठलीही आडकाठी नाही, हेही आलं. दहा वर्षं साक्षी देऊन जे मालमत्तेच्या अटीत अडकून पडलं होतं ते एका वर्षाच्या तुरुंगानं निदान कागदावर तरी सोडवलं. पण तो कागद कुणी लिहिला असता, जर आधीच्या दहा वर्षांत मागणीचा मसुदा, तिची भाषा, तिचे आकडे तयार झाले नसते? अनसूयाबाई 1937 मध्ये परत विधिमंडळात आल्या, उपसभापती झाल्या आणि 1952 मध्ये नागपूरमधून लोकसभेवर निवडून गेल्या. खुर्ची सोडता येणं आणि परत खुर्चीवर बसता येणं, दोन्ही त्यांना जमलं. आपल्या वादांत आपण यातली एकच निम्मी बाई घेतो.

सगळ्या बायकांना हे शक्य होतं असं मात्र समजू नका. जुलै 1942 मध्ये नागपूरला डॉ. आंबेडकरांच्या उपस्थितीत दलित महिलांची अखिल भारतीय परिषद झाली. अध्यक्ष होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. काडीमोडाचा हक्क, गिरणीतल्या बायकांना रजा, कायदेमंडळांत राखीव जागा, हे ठराव त्यांनी केले. मध्यमवर्गी संघटनांच्या अर्जांत गिरणीची रजा शोधून काढावी लागते! चारच वर्षांनी, 1946 मध्ये, पुण्याच्या आणि नागपूरच्या विधिमंडळांपुढे सत्याग्रह झाले आणि शांताबाई दाणी येरवड्यात गेल्या. ज्यांना मवाळांच्या दिवाणखान्यातही जागा नव्हती, त्यांना रस्ता काही हौसेनं धरावा लागला नाही.

आपण साहित्याच्या मांडवात आहोत, म्हणून ताराबाई शिंदे यांची आठवण काढते. बुलढाण्याच्या, म्हणजे आपल्या वऱ्हाडच्याच. 1882 चं ‘स्त्रीपुरुष तुलना’ इतकं जळजळीत की आजही वाचताना काही मंडळींना घाम फुटतो. जोतिबांनी ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. बाकी शिव्याच. ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही आणि हे पुस्तक 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा छापेपर्यंत जवळजवळ विस्मरणात गेलं. आग कमी नव्हती. त्या आगीभोवती संस्था नव्हती, सभा नव्हती, ठराव लिहिणारं कुणी नव्हतं. जहालपणानं चळवळ बिघडते म्हणणाऱ्यांना आणि जहालपणाच चळवळ चालवतो म्हणणाऱ्यांना, दोघांनाही मी ताराबाईंची ही त्र्याण्णव वर्षं दाखवते.

आणि आज? शेजारच्या चंद्रपूरच्या बायका दारूबंदीसाठी 2010 मध्ये चिमूरहून नागपूरला पायी गेल्या. 2015 मध्ये बंदी झाली, 2021 मध्ये सरकारनं उठवली. आपल्या यवतमाळच्या बायका अजून मागताहेत. राज्यात 2008 पासून एक वाट आहे: गावातल्या बायकांनी सह्या करून मागणी करायची आणि गुप्त मतदानात उभी बाटली की आडवी बाटली ते ठरवायचं. एमलीनबाईंनी हे पाहिलं असतं तर त्यांचा विश्वास बसला नसता. पण यातही मेख आहे. दुकान बंद व्हायचं तर आलेल्या मतांच्या नव्हे, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणजे ऊसतोडीला गेलेली, माहेरी बाळंतपणाला गेलेली, मेलेली पण यादीत राहिलेली, या सगळ्या उभ्या बाटलीच्या बाजूनं धरल्या जातात. शिवाय हे मत फक्त परवान्याच्या दुकानाला लागू. हातभट्टीला मतदान नसतं. तिथे बायकांनाच जाऊन मडकी फोडावी लागतात, आणि मी त्या मडक्यांसाठी अश्रू ढाळणार नाही.

लोकसभेत आणि विधानसभांत बायकांना एक तृतीयांश जागा देणारी घटनादुरुस्ती 2023 मध्ये झाली. ती जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेला बांधून ठेवली. 1911 च्या ॲस्क्विथसाहेबांना ही युक्ती आवडली असती.

तेव्हा खुल्या अधिवेशनात एक ठराव यावा, अशी माझी सूचना आहे. 1930 आणि 1942 मध्ये तुरुंगात गेलेल्या आपल्या जिल्ह्यातल्या बायकांची पत्रं, आठवणी, फोटो अजून काही घरांत ट्रंकांत पडून आहेत. शाळा-महाविद्यालयांच्या मदतीनं ते तालुक्या-तालुक्यांतून गोळा करावं. त्याबरोबर बाटलीच्या मतदानाचे अर्ज, सह्यांच्या याद्या, तहसीलदारांची उत्तरंही जमा करावीत. दोन्ही एकाच कपाटात ठेवावीत.